थंड गाडीचा धूर

सकाळी गाडी सुरू केली की मागून निळा धूर निघायचा. ऑइलही कमी होत होतं. इंजिन गेलं, बाबांची गाडी आता भंगारात, असं मी धरूनच चाललो होतो.

सलीमभाईंच्या गॅरेजात नेली, तर धुराचा पत्ताच नाही. ते चिडले. "गरम गाडी काय दाखवता? ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जाता का? रात्रभर इथंच राहू द्या."

खरं तर मी तसाच जातो. डॉक्टरांचा जिना चढलो की बाहेरच्या बाकावर बसून दम खातो, आणि मग आत जाऊन "बरं आहे" म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाईंनी माझ्यासमोर थंड गाडी सुरू केली. भसकन धूर आला आणि मिनिटभरात विरला. रेस करून पाहिली, तरी पुन्हा आला नाही.

"इंजिन चांगलंय हो! फक्त व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झालेत. रात्री तेल झिरपतं, सकाळी जळतं. सील बदलू, झालं."

केवढं हायसं वाटलं! बाबांची गाडी राहणार होती.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा जिना चढलो, आणि बाकावर न टेकता, धापा टाकतच आत गेलो.