पाकिटावरची अकरा मिनिटं

सिहोऱ्याच्या स्टँडवर मी तुमसरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात समोरून आलेल्या गाडीतला ओळखीचा कंडक्टर खाली उतरला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "गुरुजी, चिखल्याचे वाइंडर गेले ना. परवा. तुमाले समजलं नाही काय?" मला समजलं नव्हतं. माझ्या पिशवीत पुठ्ठ्यात बांधलेली एक रेकॉर्ड होती आणि मी त्यांच्याकडेच निघालो होतो. माझी गाडी आली, मी चढलो, पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि पायी घरी परत आलो... त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. जेवताना उठतो, वाचताना उठतो, उठल्यावर कशाला उठलो ते विसरतो. बायको म्हणते, पायाला भिंगरी लागली आहे तुमच्या. भिंगरी कसली! एका माणसाला 'तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं' एवढं सांगायचं राहून गेलं, आणि ते सांगायला माझ्यापाशी चांगले तीन आठवडे होते.

केवळरामजी चिखल्याच्या मँगनीज खाणीत वाइंडर होते. माणसं आणि माल जमिनीखाली नेणारा-आणणारा लोखंडी पिंजरा ज्या इंजिनावर चालतो, ते इंजिन चालवणारा माणूस म्हणजे वाइंडर. तो वर खोलीत बसतो, खालचं त्याला काही दिसत नाही. खालून घंटी येते, तिच्या ठोक्यांवरून काय करायचं ते कळतं. बाकी सगळा कारभार कानाचा आणि हाताचा. पिंजऱ्यात नियमापेक्षा एक माणूस जास्त शिरला तरी केवळरामजी इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात आणि त्याला उतरवल्याशिवाय पिंजरा हलवत नाहीत, असं खाणीतले लोक सांगत. मूळचे ते सिहोऱ्याकडचे, घरी धानाची शेती, पण शेतकऱ्याला लागणारा धीर त्यांच्यापाशी औषधालाही नव्हता. बोलताना ते उभे राहत, उभे राहिले की चालत. चहाचा कप हातात घेऊन अख्ख्या कॉलनीला एक फेरी मारून येणारा माणूस मी तो एकच पाहिला.

मी बपेऱ्याचा. तेव्हा चिखल्याच्या शाळेत मास्तर होतो. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. एका दुपारी केवळरामजी दोन चौकोनी पाकिटं काखेत धरून शाळेच्या व्हरांड्यात आले. खाणीतल्या एका बंगाली साहेबांची बदली झाली होती. त्यांच्या बंगल्यात संध्याकाळी बाजा वाजे आणि केवळरामजी ड्यूटी संपली की खिडकीखाली येरझाऱ्या घालत तो ऐकत. साहेबांनी ते कधीतरी पाहिलं असावं. जाताना त्यांनी आपलं विजेवरचं जुनं मशीन आणि दोन रेकॉर्डी यांच्या हवाली केल्या.

"गुरुजी, तुमाले इंग्रजी येते. ह्या पाकिटावर काय लिहून हाय ते सांगा बरं. वाजते त चांगलं, पण कोन हाय, कायले वाजवून राहिला, काही समजत नाही."

तेव्हापासून मी त्यांचा गुरू झालो, आणि सगळं बिघडलं ते तिथूनच. मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण पाकीट वाचायला मी होतो आणि घरी एक जाडजूड शब्दकोश होता. रचना करणारा फ्रान्सचा, दोनशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या नावातली निम्मी अक्षरं उच्चारायची नसतात असं मी ठोकून दिलं, पण निम्मी म्हणजे कोणती ते मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही त्याला फ्रेंचबुवा म्हणू लागलो. एका रेकॉर्डवर त्याचे कॉन्चेर्तो होते. त्यात एक व्हायोलिन पुढे आणि बाकीचा ताफा मागे. दुसरीवर चौघांनीच दिवाणखान्यात बसून वाजवायचं संगीत होतं.

हे मी पाकिटावरून सांगितलं. पण ऐकायला मला शिकवलं ते केवळरामजींनी, हे आज लिहून टाकतो. आमच्या पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच, दिवेलागणीच्या वेळी, त्यांच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत ते म्हणाले, "हा एकटा खाली चालला पाहा. बाकीचे तोंडाशी उभे हायेत. दोर ढिला सोडून राहिले... आता खालून घंटी देईन. दिली! आता समदे मिळून वर घेतील त्याले." आणि खरंच ते एकटं व्हायोलिन कुठेतरी खोल जाऊन आलं आणि मागच्या सगळ्यांनी त्याला उचलून घेतलं. कॉन्चेर्तो म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं, शब्दकोशात ते नव्हतं. चौघांच्या रेकॉर्डबद्दल ते म्हणायचे, "इथं कोनी वर नाही, कोनी खाली नाही. चौघं एका पिंजऱ्यात उभे हायेत. एकानं कूस बदलली का तिघांले सरका लागते." पुढे मी या प्रकारच्या संगीतावर दोन-तीन पुस्तकं मिळवून वाचली. यापेक्षा सोपं आणि यापेक्षा खरं मला कुठे सापडलं नाही.

पण त्यांना चैन नव्हतं. कॉन्चेर्तोचा पहिला भाग सुरू झाला की त्यांची चाल वाढायची, कपाळाला आठी पडायची. "लोड जास्त हाय," ते म्हणायचे. "गुरुजी, ह्याच्यात एक मानूस जास्त हाय. वढून राहिला बिचारा." मग मशीनपाशी जात आणि फिरत्या रेकॉर्डच्या मधल्या कागदावर, जिथे नाव छापलेलं असतं तिथे, बोट टेकवून तिला पुढे रेटू लागत. सूर हेलकावे खाई. मी ओरडायचो, "अहो, बोट काढा, खराब होईल ती!" ते बोट काढत आणि पुन्हा खिडकीपासून दारापर्यंत चालू लागत.

एका रविवारी शाळेतले दोन मास्तर आणि खाणीतले एक कारकून मुद्दाम ऐकायला आले होते. मी माझं भाषण सुरू केलं होतं, की हे अभिजात संगीत आहे, गंभीर आहे, धीमं आहे. केवळरामजी हातातलं घड्याळ काढून मध्येच म्हणाले, "पाकिटावर ह्या भागाले अकरा मिनिटं लिहून हाय, गुरुजी. मी तीनदा पाह्यलं, सव्वाबारा मिनिटं लागून राहिले. अन् तुमीच सांगतलं होतं, ह्या भागाच्या नावाचा अर्थ चपळ, आनंदी म्हणून. हा त कन्हून राहिला!"

आता खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. तो शब्द मीच कोशातून काढून दिला होता. पण चार माणसांसमोर मास्तराची पंचाईत झाली की मास्तर काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. मी आधी म्हणालो, दोनशे वर्षांपूर्वी घोडागाड्यांचा जमाना होता, तेव्हाची चपळाई एवढीच. मंडळी माना डोलवू लागली. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी पुढे म्हणालो, "केवळरामजी, हे संगीत आहे, तुमचा पिंजरा नाही."

सगळे हसले. केवळरामजीही हसले. घड्याळ त्यांनी मनगटावर बांधलं आणि त्या दिवशी ते भिंतीला टेकून खाली बसले, शेवटपर्यंत न हलता. मला वाटलं, वा, सुधारले! पुढे तीन-चार वर्षं आम्ही ऐकत होतो, पण लोडचं नाव त्यांनी माझ्यासमोर पुन्हा काढलं नाही, रेकॉर्डला बोट लावलं नाही. खाली बसलेला तो माणूस मला आता दिसतो. गुडघ्यावर ठेवलेली बोटं एकसारखी हलत असायची.

पुढे माझी बदली सिहोऱ्याला झाली. निघताना त्यांनी कॉन्चेर्तोची रेकॉर्ड माझ्या हातात दिली. "एक तुमच्यापाशी, एक माह्यापाशी. तुमी समजून ऐकता." माझ्याकडे मशीन नव्हतं. ती रेकॉर्ड आठ-नऊ वर्षं ट्रंकेवर पडून राहिली. आधी मी वर्षातून दोनदा चिखल्याला जात होतो, मग एकदा, मग पोस्टकार्डावर आलो.

यंदा उन्हाळ्यात नागपूरला मुलाकडे गेलो. त्याने नवं मशीन घेतलं आहे. सुनेवर छाप पाडावी म्हणून रेकॉर्ड सोबत नेली आणि आधी पंधरा मिनिटं फ्रेंचबुवांवर व्याख्यान दिलं. मग मुलाने सुई ठेवली आणि... मी खुर्चीतून उठलो. "अरे, थांबव, बिघडलंय तुझं मशीन, पळतंय ते!" मुलगा हसला. रेकॉर्डखालच्या फिरत्या तबकडीच्या कडेला ठिपके असतात, छोट्या लाल दिव्यात ते स्थिर दिसले की वेग बरोबर, असं त्याने दाखवलं. ठिपके स्थिर होते. व्हायोलिन उड्या मारत खाली जात होतं आणि हसत वर येत होतं. मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. "बाबा, तिकडे व्होल्टेज किती असायचं?" त्याने विचारलं. मला त्या क्वार्टरमधला बल्ब आठवला. लाइनच्या अगदी टोकाचं घर ते. संध्याकाळी त्या बल्बची तार विडीच्या पेटलेल्या टोकासारखी लाल दिसायची, त्याच्या उजेडात वाचता येत नसे. जो बल्बला मिळत नव्हता तो जोर मशीनला तरी कुठून मिळणार! इतकी वर्षं आम्ही एका आनंदी माणसाला ओझं वाहायला लावून त्याच्या गांभीर्याचं कौतुक करत होतो. एकाला ते ओझं ऐकू येत होतं, त्याला मी गप्प बसवलं.

दुसऱ्याच दिवशी चिखल्याला जायला हवं होतं. मी सिहोऱ्याला आलो आणि म्हटलं, पाऊस लागू दे. मग म्हटलं, धानाची रोवणी होऊ दे, मजूर मिळत नाहीत. रोवणी माझ्या भावाच्या शेतात होती, माझा तिथे काही उपयोग नव्हता. चूक कबूल करायला जायचं म्हटलं की मास्तराचे पाय जड होतात, एवढंच. तीन आठवड्यांनी ते उचलले तेव्हा कंडक्टर भेटला.

तेरवी आटोपल्यावर मी गेलो. केवळरामजींच्या पत्नीने, सुमित्रावहिनींनी, पुढच्या खोलीत सतरंजी घातली. मशीन होतं तिथेच होतं, वर स्वच्छ धुतलेला रुमाल. त्यांना मी सगळं सांगितलं, नागपूरचं, अकरा मिनिटांचं, त्या रविवारचं. सांगताना मला रडू आलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "ते मले म्हणत, गुरुजींचंच बराबर असन, शिकलेले हायेत. पण माह्या कानाले सहन नाही होत." आणि त्यांनी चौघांची रेकॉर्ड पाकिटातून काढून माझ्या हातात दिली. मधल्या कागदाची एक कड पूर्ण झिजली होती. फ्रेंचबुवांचं अर्धं नाव गेलं होतं आणि खालचं काळं दिसत होतं. "रोज बोट लावत. मी म्हणो, काहून घासता जी तिले? त म्हणत, लोड जास्त हाय, जरासा हात देऊन राहिलो."

मी म्हटलं, लावू का? त्यांनी मानेनेच हो म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. संध्याकाळ होत आली होती, बल्ब तसाच लाल होता. चौघं सुरू झाले आणि मला ऐकू आलं. आयुष्यात पहिल्यांदा ते ओझं मला स्पष्ट ऐकू आलं. मला बसवेना. मी उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो आणि त्या झिजलेल्या जागेवर बोट टेकवून हलकेच पुढे रेटलं. आधी सूर हेलकावले, मग हाताला अंदाज आला आणि चौघं मोकळे झाले.

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "हां," वहिनी म्हणाल्या, "आता ते असताना वाजे तसं वाजून राहिलं."

रेकॉर्ड संपेपर्यंत मी बोट काढलं नाही.