आरती अर्धी सोडून कसं जायचं

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं फोन घेते. मध्यंतरी तिथे नवीन यंत्रणा बसली. बसवणाऱ्याने सांगितलं, कॉल चुकून होल्डवर राहिला तर मिनिटभराने फोन तुमच्याकडेच परत वाजेल. मी म्हटलं, ते आधी बंद करा. आठवण करून द्यायला घरी सासूबाई आहेत, तेवढ्या पुरे. साहेबांनी होल्डवरच्या संगीताच्या जागी आरती लावून घेतली. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी नामपूरच्या एका शेतकरी बाबांचा फोन आला. त्यांच्या पंपाचं सील गेलं होतं, तिकडच्या दुकानात मिळत नव्हतं आणि कांद्याचं कोवळं रोप दोन दिवस पाण्यावाचून उभं होतं. आज सील निघालं नाही तर रोप हातचं जाईल, म्हणाले. आमचा टेम्पो दीड वाजता त्या बाजूला जाणार होता. त्यांना होल्डवर ठेवून मी स्टोअरला विचारलं. सील होतं. तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं, मग जेवणाची सुट्टी झाली आणि इंदिरानगरहून माझ्याबरोबर येणाऱ्या पॅकिंगमधल्या मैत्रिणीने डब्यात भरली वांगी आणली होती. वांग्यांपुढे मला माणसं आठवत नाहीत.

पावणेदोनला जागेवर आले. फोनला टेकवलेलं रजिस्टर उचललं, तर मागे एक दिवा लुकलुकत होता. फोन घेतला. इकडची आरती थांबली, तरी पलीकडून बाबा टाळ्या वाजवत अर्धी ओळ पुढे म्हणून गेले.

मी कपाळाला हात लावला. आणि वर त्यांनाच विचारलं, की फोन ठेवून परत का नाही केलात? चोराच्या उलट्या बोंबा.

"आरती चालू व्हती ना ताई," बाबा म्हणाले. "मधेच सोडीसन कसं जावानं? संपनी का ठेवतो म्हटलं, तं परत चालू."

मला हसू फुटलं आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेम्पो तर गेला होता. बाबांना म्हटलं, चूक माझी आहे, सील आजच निघेल. साहेबांना खरं काय ते सांगितलं, बोलणी खाल्ली, अर्धी रजा टाकली आणि सील पर्समध्ये घालून जीपने नाशिक गाठलं. स्टँडवर नामपूरच्या गाडीचा कंडक्टर पार्सलचे नियम सांगायला लागला. मी त्याला रोपाचं सांगितलं. त्याच्या घरीही कांदाच होता. त्याने मुकाट्याने सील खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या ते परत वाजणं चालू करून घेतलं. तासाभराने बाबांचा फोन आला. पोचलं का, बसवलं का, मला सगळं एकदम विचारायचं होतं. ते म्हणाले, "थांब ताई, ऐक," आणि मोबाईल बांधावर ठेवला.

पाणी पडत होतं. बाबा बायकोला वाफ्याचं तोंड फोडायला सांगत होते. मग त्यांचा आवाज लांब लांब गेला. मला ते साफ विसरले होते. समोर बाकीच्या लाइनी वाजत होत्या. मी फोन ठेवला नाही.