क्लच सोडत नाही

क्लचचे आजार दोनच. एक तर तो धरत नाही, नाहीतर तो सुटत नाही. धरत नसेल तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी चढावर मागं राहते आणि जळका वास येतो. सुटत नसेल तर पेडल तळाला दाबूनही इंजिनाचा जोर गिअरच्या पेटीत जातच राहतो, आणि गिअर टाकताना दातावर दात घासून खर्रर्र वाजतं. एकाला जुलाब, दुसऱ्याला मलावरोध, इतका दोहोंत फरक. एवढी साधी गोष्ट न कळणाऱ्या शिकलेल्या माणसांनी माझ्यावर जे बालंट आणलं, त्याचा राग मला ऐंशीच्या घरातही तसाच येतो. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

मी धाराशिवला एका सरकारी कचेरीत जीप चालवायचो. निजाम गेला, पुढं आम्ही मुंबई राज्यात आलो आणि कचेरीतली उर्दू हां हां म्हणता नाहीशी झाली. माझी शाळा उर्दूतली. घरात बोलणं मराठी, शिव्या मराठी, पण हातात टाक धरला की तो उजवीकडून डावीकडेच पळणार. छापील बाळबोध मी अक्षराला अक्षर लावून वाचायचो. हाताचं पळतं अक्षर म्हणजे मला मुंग्यांची रांग.

नोकरी हंगामी होती. कायम झालो की कचेरीच्या मागची एक खोली मिळणार होती. बायको तेरला माझ्या आईवडिलांपाशी, आणि लग्नाला चार वर्षं होऊनही आमचा संसार शनिवार-रविवारचा. दिवाळीपर्यंत कायमची ऑर्डर येईल असं साहेब स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते. साहेब पुण्याकडचे, नवे, स्वभावानं वाईट नव्हते. बायकोनं तेव्हापासून खोलीत न्यायची भांडी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली होती.

येरमाळ्याच्या दौऱ्यावरून येताना जीपनं पहिल्यांदा कुरकुर केली. पहिला गिअर पडताना खरखरला, रिव्हर्स तर पडेचना. मी इंजिन बंद केलं, गिअर टाकून पाहिला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. म्हणजे पेटी चांगली. मग इंजिन चालू करून, हँडब्रेक ओढून, टॉप गिअर टाकून क्लच सोडला, तर इंजिन धाडकन बंद पडलं. म्हणजे प्लेटही चांगली धरत होती. राहिलं एकच, क्लच सुटत नव्हता. पुढं आठ दिवस मी थांब्याथांब्याला इंजिन बंद करायचो, पहिला गिअर टाकायचो आणि तसाच स्टार्टर मारायचो. जीप बकरीसारखी उडी मारून निघायची. तुळजापूरला देवळाकडच्या उतारावर ऐन गर्दीत साहेबांची टोपी त्या उडीनं उडाली आणि पुजाऱ्यांची पोरं हसली. साहेबांनी टोपी झटकून घातली. कचेरीत आल्यावर म्हणाले, काय बिघाड आहे तो लेखी द्या.

लेखी द्यायचं म्हणजे कारकुनाकडं जायचं. हा कारकून तुळजापूरचा, शिकलेल्या घरातला, अक्षर मोत्याचं आणि मराठीचा अभिमान भारी. मी रपट म्हटलं तर तो अहवाल म्हणून सुधारायचा, दस्तखत म्हटलं तर स्वाक्षरी. मी सांगितलं, "लिवा, क्लच सुटत न्हाय."

त्यानं टाक थांबवला. म्हणाला, "हे वाक्य झालं का? वाक्याला कर्ता लागतो. क्लच काय आपणहून सुटतो? कोणी सोडतं तेव्हा सुटतो ना?"

मी म्हटलं, व्हय, ड्रायव्हर पायानं सोडतो. एवढंच तर विचारलं होतं त्यानं. त्यानं मान हलवली, दोन ओळी झरझर लिहिल्या आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी खाली उर्दूत सही ठोकली. वाचायला मागितलं नाही, कारण त्याच्यासमोर बोट ठेवून वाचायची मला लाज वाटली. या सगळ्यात माझा गुन्हा असेल तर तो एवढाच, आणि तो मी कबूल करतो.

चार दिवसांनी माझ्याकडून किल्ली काढून घेतली. जीप सोलापूरला एका कारखान्यात गेली, आणि मला बाकावर बसवून फायली इकडून तिकडं न्यायला लावलं. कारण कुणी सांगेना. जीप नवी क्लचप्लेट घालून परत आली, ती फाटकातच खर्रर्र वाजली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आता लोक म्हणायला लागले, या ड्रायव्हरनं क्लच तर जाळलाच, गिअरच्या पेटीचीही वाट लावली. शिपायानं मला विचारलं, काय हो, रोज झोपेत चालवत होता काय. त्याच्या थोबाडीत मारायला उचललेला हात मी कसा खाली घेतला ते मलाच ठाऊक.

मी कारकुनाकडं गेलो आणि माझा कागद मागितला. या खेपेला लाज बाजूला ठेवली. खुर्ची ओढून बसलो आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. 'चालक क्लच सोडत नाही.' पुन्हा वाचलं. तेच होतं. म्हणजे ड्रायव्हर सदान् कदा क्लचवर पाय ठेवून बसतो, आणि तसं बसलं की प्लेट जळते, हे तर शाळकरी पोरालाही कळतं. खाली माझी सही. तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्या हे सांगितलं होतं?" मी विचारलं.

तो गोंधळला. त्यानं कागद हातात घेतला, वाचला. "अर्थ तोच आहे की," तो म्हणाला. "मी फक्त शुद्ध केलं."

खोटं बोलत असता तर मी त्याला सोडलं नसतं. पण तो खरोखरच तसं समजत होता. त्याला क्लच ठाऊक नव्हता, व्याकरण ठाऊक होतं. गुन्हेगार नव्हता तिथं त्यानं कर्ता बसवला आणि तो कर्ता मी निघालो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, तीसुद्धा शुद्ध मराठीत.

जुनं सामान कचेरीत जमा करायचा नियम होता, म्हणून काढलेली प्लेट गोणपाटात बांधून कोपऱ्यात पडली होती. मी ती उचलली आणि तशीच साहेबांच्या टेबलावर, कागदांवर ठेवली. म्हटलं, जळलेली प्लेट काळी असते, बघा. अस्तर चांगलं जाड होतं, काळा डागसुद्धा नव्हता. साहेबांनी अस्तरावरून बोट फिरवलं. मग उठले.

मी त्यांना जीपमध्ये स्टिअरिंगवर बसवलं. इंजिन बंद ठेवून गिअर टाकायला सांगितला, पडला. चालू करून, पेडल तळाला दाबून टाकायला सांगितला, तर अख्खी कचेरी खिडकीत आली एवढी पेटी खरखरली. मग मी इंजिन बंद करून स्वतः बसलो आणि त्यांना खाली वाकून बघायला लावलं. मी पेडल दाबत गेलो. अर्धं खाली गेलं तरी क्लचकडचा दांडा हलेना. सांध्यातली पिन झिजून काडीएवढी झाली होती, पेडलाचा निम्मा दाब त्या ढिलाईतच मरत होता. साहेबांच्या पांढऱ्या पँटीला ग्रीस लागलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. गावातल्या लेथवाल्यानं दुपारपर्यंत नवी पिन करून दिली, पेडल नीट बांधलं आणि सगळे गिअर गुपचूप पडायला लागले.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. हसून म्हणाले, झालं गेलं विसरा, तुमचं कायमचं मी मार्गी लावतो. कागद तयार होता. कारकुनानं या वेळी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिला होता, मला वाचता यावा म्हणून. मी वाचला. 'चालकाने चूक मान्य केल्यामुळे समज देऊन कायम करण्यात यावे.'

मी विचारलं, कोणती चूक. साहेब म्हणाले, पहिल्या कागदावर तुमची सही आहे, तो वर गेला आहे, आता तो खोटा ठरवला तर नव्या प्लेटच्या खर्चाचं काय उत्तर द्यायचं. हा नुसता उपचार आहे. एक सही.

"चूक झालीच न्हाय, तर माफी कशाची मागू साहेब?"

"खोली हवी आहे ना तुम्हाला?" ते म्हणाले, आणि ते त्यांनी मायेनं म्हटलं, याचाच मला जास्त संताप आला.

मी सही केली नाही. किल्ली परत मिळाली, कारण जीप चालवायला दुसरा कुणी नव्हता. कायम व्हायला पुढं तीन वर्षं लागली, तोवर ते साहेब बदलून गेले होते आणि खोली दुसऱ्याला मिळाली होती.

सही नाकारली त्याच आठवड्याच्या शनिवारी मी तेरला गेलो. दिवाळी जवळ आली म्हणून बायकोनं भांडी जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून दाराशी ठेवली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कारकुनाला, साहेबांना, सोलापूरच्या कारखान्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं आता रडेल, आणि ती रडली असती तर मी परत जाऊन सही करून आलो असतो.

ती म्हणाली, "सही करून आला असता तर ह्यो राग जलमभर माझ्यावर काढला असता. त्यापरीस म्या हितंच बरी."

मग तिनं गाठ सोडली आणि भांडी एकेक करून परत फळीवर लावायला लागली.