मिस्त्रींच्या मापाची मोटार

एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि अंगठा समोरच्या वस्तूला लावून बघायचा. माणूस असो, म्हैस असो नाहीतर लग्नाचा मांडव, मिस्त्रींनी अंगठा लावला नाही अशी वस्तू चिंचवडात शिल्लक नव्हती. मग डोळा उघडून म्हणायचे, "मापात हाय." "मापात न्हाई" असं त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

पिंपरीचा औषधांचा कारखाना तेव्हा नवा होता आणि मी त्यातला नवा कारकून. चिंचवडला मुंबई रस्त्यालगत मी खोली घेतली आणि मग कळलं, की भिंतीला भिंत लावून मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान आहे. बादल्या, ट्रंका, पाण्याच्या टाक्या. दिवसभर ठोकठोक. पहिला आठवडा मी कानात बोळे घालून काढला, दुसऱ्या आठवड्यापासून चहाला त्यांच्याकडेच जायला लागलो. तुम्हालाही असा एखादा शेजारी भेटला असेल, ज्याच्याशी भांडायला म्हणून आपण जातो आणि हसत परत येतो.

मिस्त्री जेमतेम पाच फूट होते. हे त्यांना कुणी सांगितलं नसेल असं नाही, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. आपण मापात आहोत आणि बाकीचे लोक जरा जास्तच वाढलेत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्यांच्या मनात एक गोष्ट मात्र सलत होती. तळेगावच्या एका बसमालकाकडे त्यांनी बसची बॉडी बांधायचं काम मागितलं होतं, तेव्हा तो गडी चार माणसांत म्हणाला होता की बादल्या ठोकतोयस तेच कर. त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं.

आणि काडी लावली मी. रद्दीत आलेल्या एका इंग्रजी मासिकात इटलीच्या शर्यतीच्या मोटारीचा फोटो होता. लांब, बसकी, माशासारखी गुळगुळीत, शेजारी तिचा ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून उभा. गंमत म्हणून तो मी मिस्त्रींना दाखवला. त्यांनी एक डोळा मिटून फोटोला अंगठा लावला.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "फोटोत हाय तर पत्र्यात बी व्हईल. हिच्यातनं तळेगावला जातो आन् त्या मालकाला बसवून फिरवतो. मग बगू, कोन बादल्यावाला."

लष्कराच्या लिलावात निघालेली एका गोऱ्या कॅप्टनची दोन माणसांची छोटी मोटार त्यांनी कुठूनशी पैदा केली. इंजिन ठणठणीत होतं. वरची सगळी बॉडी त्यांनी सोलून काढली आणि सांगाडा मांडून ठेवला. फोटोत लांबी-रुंदीचे आकडे नव्हते, पण मिस्त्रींना त्याची फिकीर नव्हती. शेजारी माणूस उभा आहे ना, मग झालं! ते स्वतः भिंतीला टेकून ड्रायव्हरसारखे उभे राहिले आणि त्यांच्या मांडीला, कमरेला, खांद्याला मी खडूने रेघा मारल्या. फोटोत बॉनेट ड्रायव्हरच्या मांडीपर्यंत, म्हणून इथे मिस्त्रींच्या मांडीपर्यंत. सीट, स्टिअरिंग, दार, सगळं त्याच हिशेबाने. सहाफुटी माणसाच्या जागी आपण पाचफुटी उभा केलाय, हे बी.ए. होऊनही माझ्या डोक्यात आलं नाही. खडू माझ्या हातात होता, हे कबूल करून टाकतो.

तेलाच्या पिंपांचा पत्रा ठोकून ठोकून त्यांनी असा काही वळवला, की हात फिरवावासा वाटायचा. रंग कोणता, हे काळ्या-पांढऱ्या फोटोवरून कळेना. तांबडा असेल, मी ठोकून दिलं. बाजारात बैलांची शिंगं रंगवायचा तांबडा रंग मिळाला, तोच मारला.

आणि मग आम्ही निघालो! गुडघे हनुवटीला लावून मी शेजारी बसलो होतो आणि मिस्त्री मात्र मापात बसले होते. काय पळाली हो ती! बैलगाड्या बाजूला, कुत्री मागे, पोरंसोरं शेतातून धावताहेत. देहूरोडला लष्कराच्या फाटकावरच्या शिपायाने कुणी बडा साहेब समजून खाडकन सलाम ठोकला आणि मिस्त्रींनी तो रुबाबात घेतला. मी इतका हसलो की पोटात दुखायला लागलं. त्या वयात आणि त्या वेगात माणसाला काहीच अशक्य वाटत नाही.

तळेगावला मालकाच्या दारात गर्दी जमली. मालक म्हणजे धिप्पाड गडी. एक पाय आत घातला, तो गेला. दुसरा काही केल्या जाईना. मग पहिला निघेना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उपसून काढलं. गर्दी खिदळली. मिस्त्रींनी हात लांब करून मालकाला अंगठा लावला, मग मोटारीला लावला, आणि त्यांचा चेहरा पडला. खडूच्या रेघा मलाही त्याच क्षणी आठवल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मालक धोतर सावरत काहीतरी बोलणार, इतक्यात ओट्यावरून त्यांची म्हातारी आई उतरली. मिस्त्रींच्याही खांद्याला लागेल एवढीशी. नऊवारीचा काष्टा आवरून ती सरळ आत जाऊन बसली आणि म्हणाली, चल. मिस्त्रींनी तिला स्टेशनापर्यंत फिरवून आणलं. परत आली तेव्हा डोक्यावरचा पदर उडालेला आणि तोंड भरून हसू.

"आजवर कुठल्याबी गाडीत चढायचं तर कुनीतरी बखोट धरायचं," ती लेकाला म्हणाली. "हिच्यात माझी मी बसले. ह्याला काम दे."

आईपुढे मालकाचं काय चालणार? काम मिळालं. महिन्याभरात मिस्त्री बिऱ्हाड घेऊन तळेगावला गेले. भिंतीपलीकडची ठोकठोक थांबली आणि ती शांतता मला खायला उठली.

बऱ्याच वर्षांनी ते गेल्याचा निरोप आला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या बायकोने चहा दिला, तो पिऊन मी निघालो. परतीच्या बसमध्ये चढताना माझं कपाळ दाराच्या चौकटीवर दाणकन आपटलं. कंडक्टर म्हणाला, ह्या मालकाच्या सगळ्या गाड्या अशाच, जुन्या मिस्त्रीच्या हातच्या, वाकून चढायचं. मी कपाळ चोळत बसलो, हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

पुढच्या थांब्यावर डोक्यावरच्या पाट्या उतरवून तीन म्हाताऱ्या चढल्या. पायरी पायाशी, दांडा हाताशी. एकीलाही वाकावं लागलं नाही.