नेहमीसारखा श्वास

बाबांची बरगडी मी मोडली आणि सगळे माझं कौतुक करत सुटलेत, पण मला सांगायचंय आत्याबद्दल.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. इमर्जन्सीला फोन लावल्यावर पलीकडून जे बोलतात ना, तिथे हेडफोन लावून बसते. आवाज असा की जेवताना मीठ मागितलं तरी माणूस दचकतो. बाबा तिला कमांडर म्हणतात.

आधी तिथे विचारायचे, "श्वास चालू आहे का?" एकदा एक बाई म्हणाली, हो, घोरतायत. आत्या म्हणाली, मग घाबरू नका, गाडी येतेय. गाडी पोचली तर माणूस गेलेला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडल्यावरही माणूस थोडा वेळ असा घरघरतो, तो श्वास नसतोच.

आत्याला जेवण जाईना. मग ती हात धुऊन साहेबांच्या मागे लागली. प्रश्न बदला! 'नेहमीसारखा' श्वास आहे का, असं विचारा. नाही म्हणाले की लगेच छाती दाबायला लावा आणि गाडी येईपर्यंत फोन ठेवू नका.

"अहो बाई, आणि बरगडी मोडली तर?"

"मोडू दे की! मोडलेली जुळते."

शेवटी बदलला प्रश्न. नव्या मुलींना शिकवायची प्रॅक्टिस मात्र आमच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या उशीवर. बाबा ओरडायचे, "ताई, मेली गं ती उशी, सोड आता!"

आणि मग परवाच्या रविवारी बाबा टीव्ही बघता बघता त्याच सोफ्यावरून खाली घसरले. घोरत होते. मला तर हसूच आलं, खरंच. आईने हलवलं, हाक मारली, काहीच नाही. मी फोन लावला. कोणीतरी अनोळखी मुलगी.

"नेहमीसारखा श्वास आहे का?"

मी ती घरघर नीट ऐकली. "नाही!"

"उताणं झोपव. छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेव, जोरात दाब. बरगडी मोडली तरी थांबू नकोस, मोडलेली जुळते. मी फोन ठेवत नाहीये."

शब्द न् शब्द आत्याचा! आईने फोन धरला, मी रडत दाबत होते. कट्ट झालं, तरी दाबत राहिले. गाडीतल्या लोकांनी मला बाजूला करून मशीनने शॉक दिला.

बाबा वाचले.

हॉस्पिटलात आत्या पलंगाजवळ गप्प उभी. आत्या, गप्प! बाबाच कण्हत म्हणाले, "लहानपणी स्वतः बडवायचीस, आता पोरीकडून?"

ती नुसती त्यांची छाती वरखाली होताना बघत राहिली.

बाहेर आल्यावर मी तिच्या गळ्यात पडून थँक्यू थँक्यू करत बसले, तर म्हणाली, "ए येडे, माझे कसले आभार मानतेस? ज्या 'घोरतायत' म्हणाल्या ना, त्या बाईंचे मान."

मानले. रोज मानते.