एन्सिओचा शेरा

एन्सिओ कार्पानेन कुणाच्या अंगणात गेला की घरातल्या माणसाच्या आधी गाडीच्या बॉनेटला हात लावतो. हातमोजा काढतो, पंजा पत्र्यावर सपाट ठेवतो आणि आजारी पोराचं कपाळ बघावं तसा थोडा वेळ उभा राहतो. आईसारखंच त्यालाही गार लागलं की बरं वाटतं.

तो माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. वय एकाहत्तर. चौतीस वर्षं गाड्यांच्या पासिंगच्या केंद्रात निरीक्षक होता. निवृत्त झाल्यापासून आमच्या गावात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की एन्सिओला सोबत नेतात. त्याची फी म्हणजे विकणाऱ्याच्या घरची कॉफी आणि वेलदोड्याचा पाव, पण तो गाडी बघून झाल्यावरच घेतो. एकदा कॉफी प्यायली की त्या घरच्या गाडीला वाईट म्हणायला जीभ जड होते, असं त्याचं म्हणणं. नोकरीत ज्या गाडीत काहीच दोष सापडला नाही तिच्या कागदावर तो 'शेरा नाही' असं लिहायचा. ते त्याच्या बोलण्यात कायमचं राहिलं. याहून मोठी स्तुती त्याला येत नाही. माझ्या गुरुवारच्या वाटाण्याच्या सुपाला आठ वर्षांत फक्त एकदा 'शेरा नाही' मिळालं आहे, आणि त्या दिवशी मी काय वेगळं केलं होतं ते मला अजून आठवत नाही.

त्या जानेवारीत मला गाडी हवी होती, आणि हौस म्हणून नाही. मी काम करायचे ते लाकूड गिरणीचं उपाहारगृह बंद पडलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. वृद्धांच्या घरी जाऊन सेवा करण्याचा अभ्यासक्रम केला, पास झाले आणि एक फेब्रुवारीपासून नोकरी मिळाली. जंगलातल्या वाड्यांवर फिरायचं, म्हाताऱ्यांना औषधं द्यायची, मोजे चढवायचे, लापशी करून द्यायची. अट एकच, स्वतःची गाडी. माझी जुनी गाडी डिसेंबरात गेली होती. तिच्या तळाचा पत्रा बघून एन्सिओ म्हणाला होता, "विर्पी, ही आता गाडी नाही, आठवण आहे." नोकरी देणाऱ्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, सोमवारी सकाळी सातला गाडीसकट कामाला लागा, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावते.

माझ्याजवळ अठराशे युरो होते. तेवढ्यात आमच्या भागात दुसऱ्याची कटकट विकत मिळते. महिनाभरात एन्सिओने तीन गाड्या नाकारल्या. एकीला खालून नवा काळा रंग फासला होता. एन्सिओने तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. दुसरीचा मालक इतका बोलत होता, की एन्सिओ त्याचं संपेपर्यंतही थांबला नाही. तिसरीत काय वाईट होतं ते त्याने मला सांगितलंच नाही, नुसता मान हलवत परत निघाला. मी चिडले. मला निर्दोष गाडी नको होती, सोमवारी सुरू होणारी हवी होती.

शेवटच्या आठवड्यात दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी दिसली. छोटी जपानी गाडी, सतरा वर्षांची, एकच मालक, पंधराशे युरो. खाली चाळीस किलोमीटरवरच्या तळ्याकाठच्या वाडीचं नाव आणि जुन्या वळणाच्या अक्षरात 'ल्यूली'. मी शुक्रवारी फोन केला आणि एन्सिओची अट सांगितली, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. त्या बाई म्हणाल्या, "मला गाडी चालवताच येत नाही, मी कशाला सुरू करते?"

शनिवारी सकाळी उणे सव्वीस होतं. एन्सिओच्या गाडीतून नऊला पोचलो. अंगणातली वाट झाडून स्वच्छ केलेली. गाडी छपराखाली, फक्त मागची बाजू बाहेर. दारात ऐंशीच्या पुढच्या ल्यूलीबाई लोकरी शाल घेऊन उभ्या होत्या. कॉफी तयार आहे म्हणाल्या. एन्सिओ म्हणाला, आधी गाडी.

त्याने हातमोजा काढला, हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दुसरा हात ठेवून बघितला. मग दोन्ही हातमोजे घातले आणि मला म्हणाला, "ऊबदार आहे. चल."

"पण कॉफी..." ल्यूलीबाई म्हणाल्या.

"नको."

आमच्याकडे माणसाला गाडी नको म्हणता येते, मांडलेली कॉफी नको म्हणता येत नाही. खिडकीतून मला टेबलावरचा इस्त्री केलेला कपडा आणि तीन कप दिसले. मला लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, लाजेपेक्षा राग जास्त होता, कारण सोमवार दोन दिवसांवर होता.

गाडीत बसल्यावर मी भांडले. बाईंना चालवता येत नाही, त्यांनी सुरू कशी केली असेल, निदान विचारायचं तरी. एन्सिओ म्हणाला की चालवता येत नाही म्हणजे किल्लीही फिरवता येत नाही असं नाही, आणि शेजारी तर सगळ्यांनाच असतात. तापलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं. सव्वीसच्या थंडीत रात्रभर उभं राहिलेलं इंजिन कसला आवाज करतं, तोच तर लोक लपवतात. त्यानंतर आम्ही दोघंही गप्प बसलो. आमच्याकडे याला भांडण मिटलं असं म्हणत नाहीत.

दहाबारा किलोमीटर गेल्यावर त्याने बसथांब्यापाशी गाडी बाजूला घेतली आणि समोर बघतच विचारलं, "सायलेन्सरच्या मागचा बर्फ कसा होता?"

"पांढरा."

"किती पांढरा?"

"एन्सिओ, बर्फ पांढराच असतो."

"असल्या थंडीत इंजिन दहा मिनिटं जरी चाललं तरी मागच्या बर्फात खळगा पडतो. कडा काळपट होतात. तिथे काहीच नव्हतं. गुरुवारी पडला तसाच होता."

"मग ऊब आली कुठून?"

"तेच म्हणतो मी."

त्याने हे सगळं तिथेच पाहिलं होतं, पण हाताने निकाल आधीच देऊन टाकला होता आणि डोळ्यांचं ऐकायचं राहून गेलं. चौतीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती, असं तो म्हणाला नाही, पण कानांपर्यंत लाल झाला होता. त्याने गाडी वळवली. मला वाटलं तो माझ्यासाठी परत निघाला आहे. आता वाटतं, मी नसते तरी तो गेला असता. ऊब आली कुठून, हे कळल्याशिवाय त्याला रविवारचं जेवण गेलं नसतं.

ल्यूलीबाईंनी दार उघडलं. टेबलावरचे कप तसेच होते. एन्सिओने टोपी काढून हातात घेतली.

"कॉफी उरली आहे का?"

"गार झाली," त्या म्हणाल्या.

"मला सकाळपासून गारच हवं आहे," एन्सिओ म्हणाला.

त्या हसल्या नाहीत, पण बाजूला झाल्या आणि नवी कॉफी चढवली. एन्सिओने नियम मोडून गाडीच्या आधी दोन कप घेतले. आमच्याकडे माफी अशीच मागतात. दुसऱ्या कपाला त्याने विचारलं आणि त्यांनी सांगितलं.

त्यांचा नवरा आर्मस हिवाळाभर रोज सकाळी सहा ते आठ गाडीला इंजिनच्या हीटरची तार लावायचा, म्हणजे इंजिन बंद असूनही विजेवर गरम राहतं. अंगणातल्या विजेच्या खांबावर टायमर होता. कुठे जायचं असो वा नसो, आठला गाडी तयार पाहिजे म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तो गेला. ल्यूलीबाई रोज रात्री तार लावत राहिल्या, सकाळी काढत राहिल्या. गाडी कुणीच चालवत नव्हतं. जूनमध्ये नातू यायचा, तेल बदलायचा, पासिंग करून आणायचा आणि परत छपराखाली लावायचा. आज पाहुणे येणार म्हणून त्यांनी आठलाच तार गुंडाळून खिळ्याला अडकवली होती. लोंबणारी तार बरी दिसत नाही.

"तुम्ही इंजिन सुरू करू नका म्हणालात," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "हीटर लावू नका असं कुठे म्हणालात?"

खरंच म्हटलं नव्हतं. या थंडीत गाडी रात्रभर तशीच सोडा, हे सांगायला माझी जीभच वळली नसती, आणि त्यांना ते कुणी सांगेल असं त्यांच्या मनातही आलं नसतं.

"मुलगा म्हणतो, हा वेडेपणा आहे," त्या एन्सिओला म्हणाल्या. "ज्या गाडीला माणूस नाही तिला वीज घालते. तुम्ही पासिंगचे ना? तुम्हीच सांगा."

एन्सिओ म्हणाला, इंजिन ऐकल्याशिवाय मी काही सांगत नाही. आणि ते ऐकायचं तर आजची रात्र तार लावायची नाही.

मला माझा सोमवार दिसत होता आणि तरीही वाटत होतं, हे त्यांच्याकडे मागू नये. मग ल्यूलीबाई उठल्या, कोट चढवला, बाहेर गेल्या आणि टायमर हातात घेऊन आल्या. तो त्यांनी साखरेच्या भांड्याशेजारी ठेवला. मार्चमध्ये मी शहरात फ्लॅटवर जाते आहे, तिथे खांब नाही, सवय करायलाच हवी, असं म्हणाल्या, आणि कप गोळा करायला लागल्या.

रविवारी उणे अठ्ठावीस होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्या कोट घालून पायरीवर उभ्या होत्या. रात्री चारदा उठून खिडकीतून गाडीकडे बघितलं म्हणाल्या. एन्सिओने बॉनेटवर हात ठेवला आणि या खेपेला त्याचा चेहरा सैल पडला. मग कागद तपासले. दोन वर्षांत गाडी पावणेदोनशे किलोमीटर चालली होती, म्हणजे पासिंगला जाऊन परत, तेवढीच. गाडी गिअरमध्ये होती, हँडब्रेक सोडलेला. "नातू शहाणा आहे," तो पुटपुटला. ओढून ठेवलेला हँडब्रेक आमच्या हिवाळ्यात गोठून चिकटतो.

मला त्याने गाडीत बसवलं. स्वतः बॉनेट उघडलं, टोपी काढली आणि कान खाली नेला. मी किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. दुसऱ्या वेळी कण्हलं, खोकलं, पुन्हा गप्प. ल्यूलीबाईंनी तोंड तळ्याकडे फिरवलं. तिसऱ्या वेळी इंजिनने धरलं. थोडा वेळ खडखडलं आणि मग एका लयीत चालू लागलं. एन्सिओ डोळे मिटून तसाच वाकून राहिला, इतका वेळ की त्याच्या कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या.

मग त्याने मला दोष ऐकवले. मागच्या ब्रेकना उभं राहून गंज चढला आहे, पहिले काही दिवस घासल्याचा आवाज येईल, पण वापरून सुटतील. बॅटरी बदल. टायर आणखी दोन हिवाळे. मागच्या दाराचा खालचा पत्रा उन्हाळ्यात करून घे.

"मग घेऊ की नको?"

टोपी हातात धरून तो ल्यूलीबाईंपाशी गेला.

"इंजिनला शेरा नाही," तो म्हणाला. "तुमच्या रोजच्या सकाळीलाही नाही."

ल्यूलीबाईंनी रुमाल काढून नाक पुसलं. "मुलासाठी लिहून द्याल?"

एन्सिओच्या कोटाच्या खिशात पासिंगच्या केंद्रातलं जुनं पॅड अजून असतं. त्याने तिथेच बॉनेटवर कागद टेकवून लिहिलं, तारीख घातली, सही केली. मला रडू येत होतं म्हणून मी म्हटलं, घेते. ल्यूलीबाईंनी किल्ली दिली आणि पावाच्या पिशवीत घालून टायमरही दिला. "सहा ते आठ," त्या म्हणाल्या. मला आठपर्यंत थांबायला जमणार नव्हतं, पण मी मान हलवली.

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"लावलीस?" ल्यूलीबाईंनी विचारलं. कालपर्यंत अहो-जाहो करत होत्या.

"लावली," मी म्हटलं, आणि फोन ठेवून नाइटगाऊनवर कोट चढवून खाली धावले. आनंदाच्या भरात रात्री तार लावायचीच राहिली होती. ती लावली, वर जाऊन आवरलं, पावणेसातला परत आले. गाडी दुसऱ्याच प्रयत्नात सुरू झाली. काचेवरचं हिम खरवडताना वायपरखाली कागद सापडला, पासिंगच्या केंद्रातल्या पॅडचा. आमच्या भिंती पातळ आहेत.

'शेरा: तार सहा बाराला लावली. जुन्या मालकिणीला खोटं सांगितलं. बाकी गाडी चालवण्यास योग्य.'

सातला मी पहिल्या म्हाताऱ्याच्या दारात होते. तो कागद मी गाडीच्या खणात पासिंगच्या कागदांसोबत ठेवला आहे. तेव्हापासून झोपण्याआधी तार लावल्याशिवाय मी दिवा मालवत नाही. थंडी असेपर्यंत ल्यूलीबाईंचा फोन रोज सहा वाजून दहा मिनिटांनी येतो, आणि आता मला खरं सांगता येतं.