माझ्या जन्मवेळेचं आकाश

मला मंगळ होता. पत्रिकेत, आठव्या घरात, म्हणजे थेट नवऱ्याच्या जिवावर उठणारा. त्या मंगळानं तीन स्थळं परतवली होती आणि खरं सांगायचं तर तिन्ही वेळा मला हायसं वाटलं होतं. बँकेतली नोकरी पक्की होती. बाबा मी शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून आई आणि मी मुलुंडच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि आमचं छान चाललं होतं. रडायची ती आई.

मग विक्रोळीच्या कंपनी कॉलनीतलं एक स्थळ चालून आलं. मुलाकडची माणसं पुढच्या रविवारी येणार होती. आईनं तोड काढली. "तुझी जन्मवेळ तासभर आधीची सांगूया. मंगळ नवव्या घरात जातो, विषय संपला."

"खोटं सांगून मी लग्न करणार नाही."

"एका तासाचा तर प्रश्न आहे गो!"

"एक मिनिटसुद्धा नाही."

दोन दिवस आमचं बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "ज्याला एवढं घाबरतेस तो बघ तरी एकदा." आणि ती माणसं यायच्या आधीच्या रविवारी तिला घाटकोपरला घेऊन गेले.

तिथं एका ट्रस्टचं छोटंसं म्युझियम होतं. खाली शंख-शिंपले, दगडांचे नमुने आणि पेंढा भरलेला एक केविलवाणा बिबट्या. वर गच्चीवर पांढऱ्या घुमटाचं तारांगण, पन्नासेक खुर्च्यांचं. घुमटाच्या कडेनं काळ्या पुठ्ठ्याची क्षितिजरेषा कापून लावलेली, तिच्यात माड आणि कारखान्यांची धुराडी. रविवारी संध्याकाळी मराठी खेळ असे. कॉलेजात शिकवणारे एक सर स्वतःच यंत्र चालवायचे आणि स्वतःच बोलायचे. मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर बऱ्याचदा आले होते, त्यामुळे सर मला ओळखत.

आत जाताना लोक दाराशी चपला काढत. कोणी सांगितलेलं नसायचं. पहिल्यानं काढल्या की मागचे काढत आणि गाभाऱ्यात शिरावं तसे वाकून आत शिरत. सरांनी टॉर्चच्या बाणानं शनी दाखवला की निम्मं थिएटर अंधारात हात जोडायचं. त्या दिवशी तर एका काकांनी विचारलं, "साहेब, साडेसाती कुठल्या बाजूनं येते?" सर शांतपणे म्हणाले, "तिच्यासाठी आमच्याकडे बल्ब नाही." मी खो खो हसले. आई हसली नाही, तिचे हात अजून जोडलेलेच होते.

खेळ संपला, लोक उतरले. मी सरांना विचारलं, "सर, माझ्या जन्माच्या वेळचं आकाश दाखवता येईल?"

"तारे येतील. ग्रह मात्र मला हातानं बसवावे लागतात. मंगळ तेव्हा कुठल्या राशीत होता, माहितेय?"

मला कुठलं माहीत असायला! मागून आईचा आवाज आला, "मिथुनेत. वैशाख महिना. नुकतं अंधारलं होतं."

सरांनी यंत्राचा एक दांडा फिरवला, दिवा बंद केला. पश्चिमेला, धुराड्यांच्या जरा वर, एक तांबूस ठिपका उगवल्यासारखा दिसला. माझी तयारी झालेलीच होती. "बघ, एवढासा जीव त्याचा. हा माझ्या नवऱ्याला खाणार?"

आई सरांना म्हणाली, "जरा मागे नेता येईल? तासभर?"

सरांनी बटण फिरवलं. सगळं आकाश एकदम सरकलं आणि तो ठिपका थोडा वर चढला. "त्या वेळी अजून उजेड असणार, दिसला नसता," सर म्हणाले, "पण होता इथंच."

"इथं होता तेव्हाच तू व्हायची होतीस," आई मला म्हणाली. "दुपारपासून कळा येत होत्या. हे मिलमध्ये ओव्हरटाइमला. शेजारचा निरोप घेऊन गेला होता. नर्स म्हणे, जोर कर, जोर कर. मी नाय केला. म्हटलं, ते येऊ देत. दात आवळून धरून ठेवलं तुला. माझ्या हट्टापायी मंगळ आठव्यात गेला तुझ्या."

मला वाटत होतं ती मंगळाला घाबरते. ती तर इतकी वर्षं स्वतःलाच आरोपी करून बसली होती. परतलेलं प्रत्येक स्थळ तिनं स्वतःच्या नावावर लिहिलं होतं आणि मी मजेत होते. ग्रहांची अंतरं, त्यांचे आकार, तिला सुनावायला म्हणून जे पाठ करून आले होते त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

"मग बाबा आले?" मी विचारलं.

"आले ना. व्हरांड्यात त्यांचा आवाज ऐकला आणि मग झालीस. शर्टाला कापूस चिकटलेला, नर्स ओरडतेय, तरी तसंच घेतलं तुला. रडले गो."

बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आईनं पदरानं नाक पुसलं आणि सरांना म्हणाली, "पुढे न्या परत. होतं तसं करा."

सरांनी आकाश पुढे आणलं. तांबूस ठिपका खाली धुराड्यांजवळ आला. आई मान वर करून बघत राहिली, या वेळी हात न जोडता. सर घाई न करता अंधारात उभे राहिले.

पुढच्या रविवारी विक्रोळीची माणसं आली. मी पोहे दिले, पगार सांगितला, लग्नानंतरही नोकरी करणार म्हणून सांगितलं. ते स्थळ पुन्हा काही आलं नाही आणि त्याचं मला आजही दुःख नाही. मुलाच्या काकांनी पेन उघडून जन्मवेळ विचारली तेव्हा मी आईकडे पाहिलं. तिनं वेळ सांगितली, खरी. काकांनी मान हलवली आणि पेन मिटलं. तेव्हा कोणी विचारलेलं नसताना आई सरळ बसून त्यांना म्हणाली, "हिचे बाबा आल्यावर झाली ही."